खरं, खोटं आणि मोकळा खाना

परवा रात्री दीडपर्यंत मी एका पाणचक्कीशी झटत बसले होते. नियम साधा: गेममधली ही इमारत फक्त नदीकाठच्या शहरात बांधता यावी. मोडसाठी, म्हणजे गेममध्ये मी घालत असलेल्या भरीसाठी, मी स्वतःचं टेबल केलं होतं, त्यात ‘नदी लागते’ असा हो-नाहीचा कॉलम होता आणि पाणचक्कीच्या ओळीत मी इमानेइतबारे, अवतरणचिन्हांत, ‘ट्रू’ लिहिलं होतं. गेम सुरू केला तर पाणचक्की भर वाळवंटात उभी! एरर लॉग कोरा करकरीत.

टेबल एसक्यूलाइट या डेटाबेसचं. त्यात बूलियन, म्हणजे खरं-खोटं साठवणारा, असा वेगळा प्रकारच नाही. खरं म्हणजे 1, खोटं म्हणजे 0, दोन्ही साधे पूर्णांक. कॉलमला बूलियन म्हटलं तरी ती नुसती पाटी. आकड्यासारखं काही दिसलं तर त्याचा आकडा होतो, नाहीतर आलं तसं आत जातं. माझा ‘ट्रू’ शब्द म्हणूनच आत जाऊन बसला होता. टाइपऑफ हे प्रकार सांगणारं फंक्शन लावून विचारलं तर उत्तर आलं, टेक्स्ट, म्हणजे मजकूर. आणि माझी क्वेरी, म्हणजे टेबलाला विचारलेला प्रश्न, बिचारी 1 शोधत होती. (2018 च्या 3.23 आवृत्तीपासून अवतरणाशिवाय लिहिलेला ट्रू 1 धरला जातो. पण गेमच्या पोटात जुनी आवृत्ती असेल तर तेही नाही.)

ट्रूच्या जागी 1 केला. मग म्हटलं, क्वेरीची भानगडच नको, सगळ्या ओळी लुआत, म्हणजे मोडचा कोड ज्या भाषेत लिहिते तिच्यात, आणून तिथेच तपासू. तर आता एकूण एक इमारतीला नदी हवी! लुआत खोटं ठरतं ते फक्त निल (काहीच नाही) आणि फॉल्स (खोटं). 0 तिथे खरा. इतर भाषांतून आलेल्या प्रत्येकाला हा खड्डा एकदा तरी लागतोच. 0 शी उघड तुलना केली, तेव्हा कुठे घोडं गंगेत न्हालं.

मोकळ्या खान्याचं दुखणं आणखी निराळं. नल, म्हणजे डेटाबेसमधला मोकळा खाना, असलेली ओळ ‘0 आहे’ म्हणून शोधली तरी सापडत नाही, ‘1 नाही’ म्हणून शोधली तरी नाही. या बाबतीत नेव्हरविंटर नाइट्स या गेमच्या टूडीए फायली, म्हणजे साध्या मजकुरातली टेबलं, मला शहाण्या वाटतात. तिथे रिकाम्या खान्यात चार चांदण्या (****) टाकायच्या असतात. नुसती जागा सोडली तर पुढचे सगळे खाने एकेक घर डावीकडे सरकतात. थोडक्यात, ‘काही नाही’ हेसुद्धा लिहूनच सांगायचं.

काल टेबल नव्याने बांधलं. नल चालणार नाही, काही दिलं नाही तर 0, आणि 0 किंवा 1 सोडून काहीही आलं तर दारातूनच परत. जुन्या ओळी त्यात ओतायला घेतल्या तर तीन अडल्या. दोनांत ‘ट्रू’ होता. तिसरीत 2. तो मी काय मनात धरून लिहिला होता, देव जाणे.