सड्यावर गिरवलेला आठ

मी मालवण तालुक्यात राहते. घरी कोकमाचं आगळ, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे करते आणि मालवणच्या दुकानांत पोचवते. सकाळची एसटी चुकली की दुपारपर्यंत बसून राहायचं, नाहीतर रिक्षा करायची. रिक्षाचं भाडं दिलं की आगळाच्या कॅनमागे हातात काय उरतं ते ज्याने असा धंदा केलाय त्याला सांगायला नको. नवरा मुंबईला नोकरीत. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून त्यांची स्प्लेंडर पडवीत फडक्याखाली उभी होती. मी ती शिकायचं ठरवलं.

सगळ्यांनी स्कूटी घे म्हणून सांगितलं. पण घरात चालती गाडी असताना कर्ज कशाला? शिवाय आमचे रस्ते असे की मोठं चाक बरं. स्प्लेंडरचं चाक 18 इंची, ते खड्ड्यातून सरळ निघतं. आणि गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स काढलं की बिनगिअरची गाडीही चालवता येते, उलट मात्र चालत नाही.

लर्निंग लायसन्सचं काम सोपं निघालं. महाराष्ट्रात 2021 पासून आधारच्या आधारे त्याची परीक्षा घरबसल्या देता येते. सारथी पोर्टलवर अर्ज, फी, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ आणि मग संगणकावर प्रश्न, मराठीतून. 60 टक्के उत्तरं बरोबर आली की पास. चिन्हं मात्र मनापासून पाठ करावीत, कारण ती पुढे रोज लागतात. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावध राहा, निळा गोल म्हणजे सक्ती. आमच्याकडे रेंज येते-जाते, म्हणून मी कट्टा गावी भाचीकडे जाऊन परीक्षा दिली. लायसन्स हातात आलं त्याच दिवशी गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावला.

शिकवणारे माझे सासरेच. जागा गावावरचा सडा. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते, सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. झाड नाही, कुंपण नाही, उन्हाळ्यात गुरंही फारशी फिरकत नाहीत. बाबा काठी घेऊन एका चिऱ्यावर बसायचे आणि तिथून सांगायचे. पहिले काही दिवस त्यांनी गिअरला हात लावू दिला नाही. नुसती गाडी ढकलत न्यायची, वळवायची, स्टँडवर घ्यायची. गाडीचं वजन 110 किलोच्या आसपास. ते कुठल्या क्षणी आपल्या अंगावर येतं आणि कुठवर नुसत्या बोटांनी पेलतं, हे ढकलतानाच कळतं. आजही कुणी शिकवणार असेल तर मी म्हणेन, आधी ढकलायला लावा.

मग क्लच. गाडी पहिल्यात टाकायची, ॲक्सिलरेटर अजिबात द्यायचा नाही आणि क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनचा आवाज जरा दबतो आणि गाडी पुढे सरकू बघते. तिथेच थांबायचं. ती जागा बोटांना सापडली की अर्धं काम झालं. इंजिन बंद पडलं की बाबा म्हणायचे, “पडांदे गो बंद, भिया नको. परत मार किक.” त्या आवाजात चिडचिड कधी नव्हती. मी शिकले यात त्या शांतपणाचा वाटा फार मोठा आहे. ओरडणाऱ्या माणसाकडे कुणी गाडी शिकू नये.

गिअरबद्दल एक लक्षात ठेवा. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढची पट्टी दाबून पडतात आणि टाचेने उतरतात. पुष्कळ दुसऱ्या गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. म्हणून परीक्षेला ज्या गाडीवर बसणार तिच्यावरच सराव करा, आयत्या वेळी कुणाची तरी मागून नेऊ नका.

ब्रेकचं शिक्षण माझ्या मते सगळ्यात मोलाचं. आमच्याकडे बहुतेकजण फक्त पायाचा ब्रेक वापरतात, पुढचा दाबला की गाडी पालथी होते असं समजतात. खरं तर ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, पुढचं चाक जमिनीला जास्त धरतं आणि गाडी थांबवायचं मोठं काम तेच करतं. तो झटक्यात आवळायचा नाही, फडकं पिळावं तसा दाबत न्यायचा, आणि हँडल सरळ असतानाच. चाक वळलेलं असताना किंवा खाली वाळू, खडी असताना पुढचा ब्रेक घट्ट दाबला तर मात्र पुढचं चाक घसरतं. 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांना मिळून लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. आमची गाडी त्याआधीची, त्यामुळे हात आणि पाय यांचा मेळ मलाच घालावा लागला.

आणि मग आठ. परीक्षेत इंग्रजी आठच्या आकारात, पाय न टेकता गाडी काढून दाखवायची असते. बाबांनी चुन्याच्या फक्कीने कातळावर दोन गोल आखले. गाडी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा, क्लच अर्धा आणि पायाचा ब्रेक किंचित दाबलेला. त्या किंचित ब्रेकने गाडी ताणलेली राहते, डुलत नाही. वळताना गाडी आत झुकू द्यायची आणि आपण थोडं बाहेर राहायचं. सगळ्यात अवघड गोष्ट नजर. पुढच्या चाकाकडे पाहिलं की गाडी डगमगलीच. “खाली काय बघतंस? जाव्चा आसा थंय बघ,” हे मी इतकं ऐकलं की आता वळणावर आपोआप मान वळते.

लोक आठला परीक्षेपुरतं समजतात. मला तसं वाटत नाही. वाडीतल्या दगडी गडग्यांमधून समोर रिक्षा आली, उतारावर गुरं आडवी आली, मासळी बाजारापाशी ओल्या रस्त्यावरून माणसांतून वाट काढायची असली, की हेच अर्धा क्लच आणि पायाचा ब्रेक उपयोगी पडतात. भरधाव जायला कसब लागत नाही, पाठीला आगळाचे कॅन बांधून हळू जायला लागतं.

रस्त्यावर आल्यावर बाबा मागे बसले. किनाऱ्याजवळच्या वळणांवर वाऱ्याने वाळू येऊन पसरते. तिथे ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, वेग आधीच कमी करून गाडी सरळ जाऊ द्यायची. मे महिन्यात झाडाखाली जांभळं पडून चिरडतात, तो जांभळा पट्टा तेलासारखा निसरडा असतो. ओढणी मी कमरेला गाठ मारून बांधते. सुटी ओढणी मागच्या चाकात गेली तर काय होतं ते सांगायची गरज नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावायचा, वाडीतल्या वाडीतसुद्धा.

परीक्षा ओरोसला, उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात. तारीख ऑनलाइनच घेतली. एजंटाशिवाय होत नाही असं पुष्कळांनी सांगितलं होतं, माझं झालं. लर्निंगची प्रत, आरसी, विमा, पीयूसी असं सगळं एका पिशवीत ठेवलं होतं. निरीक्षकांनी आधी हाताच्या खुणा विचारल्या. त्या उजव्या हाताने द्यायच्या आणि ॲक्सिलरेटरही उजव्याच हातात, म्हणून एका हाताने गाडी सरळ धरायचा सरावही आधी करून ठेवा. मग आठ. माझ्या आधीचा मुलगा जोरात शिरला आणि दुसऱ्या गोलात त्याचा पाय टेकला. मी सड्यावरच्याच चालीने काढला. उतरले तेव्हा झाडाखाली उभे असलेले बाबा काही बोलले नाहीत, फक्त किल्ली माझ्याकडेच राहू दिली. घरी येताना कसालपर्यंतचा हायवेसुद्धा मीच चालवला. कार्ड नंतर पोस्टाने आलं.

कोकणात शिकणाऱ्यांनी महिन्यांचा हिशोब नीट करावा. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या परीक्षेसाठी 30 दिवस थांबावं लागतं आणि लर्निंगची मुदत 6 महिन्यांची. तारीख मिळायलाही वेळ जातो. फेब्रुवारीत लर्निंग काढलं तर कोरड्या सड्यावर भरपूर सराव होतो आणि मेअखेर परीक्षा आटपते. जूनमध्ये कातळावर शेवाळ धरायला लागतं, मग तिथे गाडी न्यायची सोय राहत नाही.