ओकोटोक्सचा धोंडा: दोन बर्फांच्या शिवेवर

कॅनडात कॅलगरीला नातेवाइकांकडे आलात, तर याला अर्धा दिवस पुरतो. हायवे २ने दक्षिणेला निघून ओकोटोक्स गाठायचं आणि तिथून हायवे ७ने पश्चिमेला सात-आठ किलोमीटर. सपाट शेतात ४१ मीटर लांब, १८ मीटर रुंद, ९ मीटर उंच धोंडा पडलेला आहे. वजन अंदाजे १६,५०० टन. सावली कुठेच नाही आणि पश्चिमेचा वारा बोचरा, तेव्हा उन्हाळ्यातही विंडचीटर हवाच.

सह्याद्रीतला धोंडा वरच्याच कड्यावरून सुटलेला असतो, त्यामुळे आपल्याला त्याचं फारसं अप्रूप नसतं. इथे मात्र आसपास असा खडक नाही. हा क्वार्ट्झाइट (वाळूच्या दगडापासून बनलेला कठीण खडक) वायव्येला शेकडो किलोमीटरवरच्या जॅस्परच्या डोंगरातला. जवळून पाहा: गुलाबी-करड्या दगडात बारीक गोट्यांचे थर आहेत आणि कडा अजून धारदार. दरड कोसळून तो हिमनदीच्या पाठीवर पडला आणि तसाच वाहत आला. तळाशी सापडता, तर घासून गुळगुळीत झाला असता.

ती हिमनदी मैदानात उतरली तेव्हा समोरून पूर्वेचा प्रचंड हिमस्तर आडवा आला, म्हणून ती आग्नेयेला वळली. असे हजारो धोंडे एका चिंचोळ्या पट्ट्यात सांडलेत. तो पट्टा म्हणजे दोन बर्फांची शीवच. बर्फ हटून उत्तरेकडून दक्षिणेला उतरायची मधली वाट कधी मोकळी झाली, हे या धोंड्यांवरून काढता येतं: खडक उघडा पडल्यापासून वैश्विक किरणांमुळे त्यात साठलेलं बेरिलियम-१० मोजतात. २०२२ च्या अभ्यासात उत्तर आलं सुमारे १३,८०० वर्षांपूर्वी. अमेरिकेत दक्षिणेला त्याआधीच माणूस होता. म्हणजे पहिली माणसं या वाटेने आली नसावीत. मला या दगडाच्या आकारापेक्षा ही साक्ष मोठी वाटते.

इथले मूळ रहिवासी ब्लॅकफूट लोक सांगतात, की नापीने (त्यांच्या कथांतला खोडकर आदिपुरुष) धोंड्याला दिलेलं पांघरूण परत घेतलं, म्हणून धोंडा त्याच्या मागे लागला. शेवटी वटवाघळांनी धडका देऊन तो फोडला. मधली मोठी भेग तीच. त्यांच्या पूर्वजांनी गेरूने काढलेली चित्रं पुसट आहेत. भर उन्हात ती दिसत नाहीत, ढगाळ प्रकाशात बरी दिसतात. हात लावू नका, पाणी शिंपडू नका. चढायचं तर नाहीच: दगड निसरडा आहे, सुटे तुकडेही निखळतात.

वेळ असेल तर दीडेक तास दक्षिणेला, फोर्ट मॅक्लाउडजवळ, हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप गाठा. सुमारे ६,००० वर्षं बायसनचे (रानगव्यासारख्या जनावरांचे) कळप शिकारीसाठी त्या कड्यावरून लोटले जात. आधी तिथलं संग्रहालय बघा, मग कडा. नाहीतर नुसता गवताळ उतार पाहून परत याल.