लेकीची भुताची गोष्ट आणि माझं न जुळणारं नाव

आधी मुद्द्याचं सांगते, नंतर राहून जाईल. मुलांच्या लायब्ररी कार्डाला पालक म्हणून तुमचं नाव नेमकं कसं टाइप झालंय ते एकदा जाऊन बघून या. कार्डावर नसतं ते, कार्डावर फक्त नंबर असतो, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते बघायचं. मला एवढं कळायला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचे आठ दिवस लागले आणि तेवढ्यात घरातल्या प्रत्येकावर एकदा तरी ओरडून झालं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक आठवीत, तेरा वर्षांची, आणि गेलं दीड वर्ष फक्त भुताटकीची पुस्तकं वाचतेय. लायब्ररीत टीन सेक्शनला त्यांचं एक अख्खं शेल्फ आहे, कव्हरं काळी नाहीतर जांभळी, त्यावर एक घर आणि वरच्या मजल्याच्या एकाच खिडकीत उजेड. मी एकदा म्हटलं अगं सगळ्यांवर तेच घर कसं, तर मला लेक्चरच मिळालं. म्हणे घर महत्त्वाचं नसतंच, आत कोण जातंय ते महत्त्वाचं, आणि आईबाबांना पहिल्या दोन पानांत कुठेतरी पाठवून द्यावं लागतं नाहीतर ते पोलिसांना फोन करतात आणि गोष्ट तिथेच संपते. मला हे जरा लागलंच, पण पटलं.

तर आमच्या टाउनच्या लायब्ररीने टीन्ससाठी गोष्टींची स्पर्धा ठेवली. विषय, हॅलोविनच्या रात्री एक घर. सहावी ते आठवी एक गट, नववी ते बारावी दुसरा, हजार शब्दांच्या आत, शेवटची तारीख १० ऑक्टोबर. लेकीने दोन दिवसांत गोष्ट लिहिली, स्वतःच तपासली, पीडीएफ केली. मला वाचायला दिली नाही आणि मीही मागितली नाही, ऑफिसचं क्वार्टर एंड होतं. इथवर सगळं मस्त.

फॉर्म ऑनलाइन, तीन पानांचा. पहिली दोन पानं तिने पाच मिनिटांत भरली. तिसरं पान पालकांचं, कारण निवडलेल्या गोष्टी लायब्ररी पुस्तिकेत छापणार आणि वेबसाइटवर टाकणार, आणि अठराच्या खालच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी. बरोबरच आहे, माझी काही तक्रार नाही. मुलीचा कार्ड नंबर टाका, कार्डावरच्या गार्डियनचं नाव टाका, 'मी ही गोष्ट वाचली आहे' वर टिक करा, सबमिट. मी टिक केली (हो, न वाचता, पुढे येतंच ते) आणि लाल अक्षरात ओळ आली की गार्डियनचं नाव जुळत नाही.

मी माझं नाव आणि माझं आडनाव टाकलं होतं. लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही, लेकीचं आडनाव नवऱ्याचं, तर म्हटलं कार्ड करताना कुणीतरी गृहीत धरून तेच मलाही चिकटवलं असेल. म्हणून माझं नाव, नवऱ्याचं आडनाव. लाल ओळ. मग सरळ नवऱ्याचंच नाव. लाल ओळ, आणि शिवाय फॉर्म चोवीस तासांसाठी बंद. हे कुठेही लिहिलेलं नाही की तीनच संधी आहेत. एटीएमसुद्धा सांगतं हो!

दुसऱ्या दिवशी मिडल नेमसकट. मिडल नेमचं फक्त पहिलं अक्षर. मग अक्षरानंतर टिंब. परत बंद. तिसऱ्या दिवशी सगळं कॅपिटलमध्ये टाकून बघितलं, नवरा म्हणाला कॅपिटलने काही फरक पडत नाही, मी म्हटलं मग तू कर, तर तो म्हणाला ईमेल करून बघ ना.

ईमेल केली. दोन ते तीन कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल असं उत्तर लगेच आलं. पाचव्या दिवशी खरं उत्तर आलं, त्यात त्याच फॉर्मची लिंक होती. मग फोन केला. पलीकडे जी बाई होती ती इतकी गोड बोलली की भांडताही येईना. मी म्हटलं, अहो तुमच्यासमोर स्क्रीनवर नाव दिसतंय ना, तेवढं वाचून दाखवा, मी तसंच टाइप करते. ती म्हणाली ते फोनवर सांगता येत नाही, लायब्ररीचे रेकॉर्ड गोपनीय असतात. आणि हे खरं आहे, न्यू जर्सीत त्याचा कायदाच आहे, कोण कुठलं पुस्तक नेतं ते कुणाला कळू नये म्हणून. चांगला कायदा आहे. पण मला पुस्तक नको होतं, माझंच नाव हवं होतं. मी एकेक नाव सांगते, तुम्ही हो किंवा नाही म्हणा, असंही म्हणून बघितलं. ती हसली आणि नाही म्हणाली, म्हणजे त्या प्रश्नाला नाही, नावाला नाही असं नाही... असो.

शनिवारी प्रत्यक्ष गेले. टीप: शनिवारी जाऊ नका. खाली लहान मुलांचा स्टोरी टाइम, वर भोपळे रंगवणं चाललेलं, आणि टीन्सची जी लायब्रेरियन आहे ती शनिवारी नसतेच. डेस्कवरचा मुलगा म्हणाला फोटो आयडी आणि पत्त्याचा पुरावा आणा. फोटो आयडी होतं. पत्त्याचा पुरावा म्हणजे लाइटबिल, ते नवऱ्याच्या नावावर. नवरा कुठे? कारमध्ये. म्हणजे त्याच्याकडे आयडी होतं पण त्याचं बिल फोनवर आणि यांना हवं कागदावर, आणि प्रिंट काढायची तर त्यांच्याच प्रिंटरला लायब्ररी कार्ड लागतं, जे आम्ही लेकीचं आणलं होतं आणि तिच्या कार्डावर प्रिंटिंगला पालकांची परवानगी लागते. मी तिथे खुर्चीवर बसून हसायला लागले. लेक म्हणाली, आई, लोक बघतायत.

बुधवारी, ८ तारखेला, अर्धा दिवस रजा टाकली. पासपोर्ट, लायसन्स, लाइटबिल, घराच्या टॅक्सचा कागद, लेकीचा बर्थ सर्टिफिकेट, सगळं एका फाइलमध्ये घालून गेले, व्हिसाच्या मुलाखतीला जातात तसं. टीन लायब्रेरियन भेटली. तिने दोन मिनिटांत स्क्रीन माझ्याकडे वळवली.

कार्ड केलं होतं २०१७ साली, लेक केजीत असताना, माझ्या तेव्हाच्या पासपोर्टवरून. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र येतं, माझं तसं होतं, नंतर इथल्या कागदपत्रांत मी ते वेगळं करून घेतलं आणि विसरून गेले. कुणीतरी ते दोन्ही फर्स्ट नेमच्या खान्यात एका दमात टाइप केलं होतं, आणि त्या खान्यात अक्षरं वीसच मावतात. म्हणजे माझं अख्खं नाव आणि पुढे माझ्या बाबांचं नाव मधेच तुटलेलं, पहिली साडेतीन अक्षरं म्हणा ना. त्या फॉर्मला दोन आठवडे माझ्याकडून बाबांचं अर्धवट नाव हवं होतं. हे मी कुठल्या जन्मी ओळखणार होते?

ती म्हणाली मी नाव दुरुस्त करते पण ऑनलाइन फॉर्ममध्ये दिसायला एकदोन दिवस लागतील. मी म्हटलं परवा शेवटची तारीख आहे. ती म्हणाली, ओह, मग तुम्ही कागदी संमतीपत्रच भरा ना. आणि ड्रॉवर उघडून तिने एक कागद काढला. एक पान. नाव, सही, तारीख. कार्ड नंबरसुद्धा नाही! मी विचारलं हा कधीपासून आहे, तर म्हणे पहिल्या दिवसापासून, ज्यांच्याकडे इंटरनेट नसतं त्यांच्यासाठी. हे लिहिताना आत्तासुद्धा माझे दात आवळले जातायत. म्हणून दुसरी टीप, आणि खरंतर ही पहिली असायला हवी होती: कुठलाही ऑनलाइन फॉर्म दोनदा अडला की तिसऱ्यांदा प्रयत्न न करता जाऊन विचारा की कागद आहे का. कागद असतो.

मी सही करायला पेन काढलं तर तिने विचारलं, गोष्ट वाचलीत ना? सहीच्या वर तेच वाक्य होतं. ऑनलाइन टिक करायला काही वाटलं नव्हतं, पण समोर माणूस बघत असताना खोटी सही होईना. तिने गोष्टीची प्रिंट काढून दिली, चार पानं, आणि म्हणाली सावकाश वाचा. मी टीन सेक्शनमधल्या त्या बुटक्या बीनबॅगवर फाइल मांडीवर घेऊन बसले.

इथे थोडं मागे जावं लागेल. २०२४ ला हॅलोविन आणि लक्ष्मीपूजन आमच्याकडे एकाच संध्याकाळी आलं होतं. महाराष्ट्रात बहुतेकांचं १ नोव्हेंबरला होतं पण इथलं घड्याळ साडेनऊ तास मागे, त्यामुळे इथली अमावस्येची संध्याकाळ ३१ ऑक्टोबरचीच. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. त्या दिवशी ऑक्टोबर वाटू नये इतकं गरम होतं, आणि तिन्हीसांजेला लक्ष्मी येते म्हणून दार सताड उघडं. पोर्चवर ओळीने पणत्या, आणि पायरीपासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं. ती लेकीनेच काढली होती, मूठ तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवून कडेने उमटवायची आणि वर बोटाने पाच ठिपके. आत पाटावर नवीन केरसुणी, हळदकुंकू लावलेली. मी पूजेत असताना कँडी संपली आणि दार वाजवणाऱ्या पोरांच्या पिशव्यांत सासूबाईंनी सरळ लाह्या-बत्तासे टाकले. मला नंतर कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला, कारण इथे पाकिटबंद नसलेलं काही आईबाप घरी गेल्यावर फेकूनच देतात.

गोष्ट या घराची होती. आमच्या.

सांगणारा मुलगा अमेरिकन, बारा वर्षांचा. आदल्या रात्री, म्हणजे इथे जर्सीत मिस्चिफ नाइट म्हणतात तेव्हा, त्याने आणि मित्रांनी या घराच्या झाडावर टॉयलेट पेपर फेकलेला. हॅलोविनला रस्त्यावरच्या सगळ्या घरांत भोपळे, सांगाडे, खोटी कोळिष्टकं, आणि या एका घरात त्यातलं काहीच नाही, फक्त जमिनीवर छोट्या छोट्या ज्योती आणि उघडं दार. आतून बरेच जण एका सुरात काहीतरी म्हणतायत. पायरीवर पांढरी पावलं, लहान मुलाच्या पायाएवढी. मित्र म्हणतो चल परत. हा खाली वाकून बघतो, आणि मग ते वाक्य, जे वाचून मी पान उलटं ठेवलं: सगळी पावलं आत जात होती, बाहेर येणारं एकही नव्हतं.

आयुष्यभर पावलं काढली मी, माझ्या आईने काढली. कधी असं बघितलं नव्हतं.

पुढे आत पाटावर झाडू बसवलेला, त्याला लाल-पिवळे डाग. पांढऱ्या अंबाड्याची म्हातारी येते, न समजणारं काहीतरी प्रेमाने बोलते आणि त्याच्या पिशवीत पांढरं, हलकं, तोंडात टाकताच विरघळणारं काहीतरी घालते. तो एक खातो. आणि म्हातारी काय बोलतेय ते त्याला कळायला लागतं. ती म्हणत असते, बाळा, उशीर केलास, जेवून जा. तो घाबरून पळत सुटतो, घरी पोचतो, त्याची आई दार उघडून काहीतरी विचारते, आणि आईचं एक अक्षरही त्याला कळत नाही. संपली गोष्ट.

मी दोनदा वाचली. सही केली. लायब्रेरियनने विचारलं सगळं ठीक ना, मी म्हटलं हो, म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई. तिला वाटलं मी विनोद केला.

घरी येऊन लेकीला विचारलं की हे घर आपलं आहे ना, तर म्हणे आई, बाहेरून दिसतं तसं लिहिलंय, तू कधी रस्त्यावरून बघितलंयस का? सासूबाईंना सांगायचं की नाही यावर तिचं आणि नवऱ्याचं अजून एकमत झालेलं नाही.

हां, बाकीच्या टिपा. शीर्षक शब्दसंख्येत धरत नाहीत. गट वयावर नाही, इयत्तेवर ठरतो. गूगल डॉकची लिंक चालत नाही, पीडीएफच लागते. गोष्टीत खरा घर नंबर किंवा रस्त्याचं नाव नको, लेकीने आधी आमच्या रस्त्याचं नाव घातलं होतं ते तिथेच खोडलं. एआय वापरलं नाही असं मुलांना वेगळं लिहून द्यावं लागतं. आणि शेवटच्या तारखेची वेळ रात्री बाराची समजू नका, शुक्रवारी लायब्ररी पाचला बंद होते म्हणजे पाचलाच. शुक्रवारी दुपारी मी उगाच ऑनलाइन फॉर्ममध्ये दुरुस्त झालेलं नाव टाकून बघितलं. गेलं. हिरवी ओळ आली आणि खाली, तुमची एंट्री आधीच मिळाली आहे.

निकाल २७ तारखेला आहे. यंदा लक्ष्मीपूजन इथे काल, २० लाच झालं, हॅलोविनच्या बरंच आधी. संध्याकाळी मी पीठ कालवून पोर्चवर बसले तर लेक दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, एक बाहेर जाणारं पण काढ ना, मुलं घाबरतात.

मी म्हटलं गप, लक्ष्मी जाते तशाने. पण शेवटची दोन जरा तिरकी आली.