किडे म्हणजे नेमके कोणते?

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी खिडक्या लावून पडून राहणे हाच शहाणपणाचा उद्योग असतो. अशाच एका दुपारी भाच्याने मला उठवून त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर नेऊन बसवले आणि म्हणाला, “मामा, झोआ मिटलेत. किडे पडलेत. औषध टाकू का?” झोआ म्हणजे दगडावर दाटीने वाढणारे, फुलासारखे उघडमीट करणारे प्रवाळांचे भाऊबंद. बाहेर पारा 42 अंशांवर होता आणि टाकीतले पाणी मात्र चिलरच्या कृपेने 26 अंशांवर सुखात होते.

आपल्याकडे तुरीच्या डाळीत असो, आंब्यात असो की समुद्रातल्या जिवावर, बारीकसे काही हलताना दिसले की लगेच औषधाची बाटली शोधली जाते. ते कोण आहे आणि काय खाते याची चौकशी करण्याइतका धीर कुणाला नसतो, आणि या घाईचा मला लहानपणापासून राग आहे. माझे वडील गिरणीत कापड तपासायला होते. त्यांच्या खिशात घडीचे एक पितळी भिंग असे, ज्याच्या तळाच्या इंचभर चौकोनातून ताण्याबाण्याचे धागे मोजता येत. सुट्टीच्या दिवशी ते आम्हा भावंडांना घरच्या चादरीवर भिंग ठेवून सुईच्या टोकाने एकेक धागा मोजायला लावत, आणि कुणी “अंदाजे” म्हणाले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

तेच भिंग मी टाकीच्या काचेला लावले. काचेवर उड्या मारत सरकणारे पांढरे ठिपके कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, होते. त्यांचा प्रवाळांना काही उपद्रव नसतो, उलट माशांना ते आयते खाद्य. कोपऱ्यातल्या मोहरीएवढ्या पांढऱ्या चकल्या म्हणजे स्पायरॉर्बिड अळ्यांची चुन्याची घरे, तीही निरुपद्रवी. औषध टाकले असते तर पहिला बळी या निरपराधांचाच गेला असता.

खरे गुन्हेगार बहुधा खाद्याचाच रंग घेऊन बसतात. झोआ खाणारी न्युडिब्रँक गोगलगाय इतकी पटाईत असते की तिच्या पाठीवरची बोंडे मिटलेल्या झोआसारखीच दिसतात, आणि ती स्वतः सापडण्याआधी देठांच्या बुडाशी घातलेली तिची पांढरी, वळ्यावळ्यांची अंडी दिसतात. अक्रोपोरा नावाचे फांद्यांचे दगडी प्रवाळ खाणाऱ्या चपट्या अळीचीही तीच तऱ्हा. अळी दिसत नाही, फांदीवर तिने खाल्ल्याचे फिकट गोल डाग तेवढे दिसतात. अर्थात हे दुसरे ज्ञान आमच्या घरी निरुपयोगी आहे, कारण दगडी प्रवाळ आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत आणि भाच्याच्या टाकीत त्यांतला एकही नाही, हे मी आधीच पाहून घेतले होते.

रात्री दिवे मालवल्यावर आम्ही विजेरीला लाल जिलेटीन लावून पुन्हा बसलो, कारण या मंडळींचा कारभार अंधारातच चालतो. झोआंचा दगड बाहेर काढण्यापूर्वी भाच्याला हातमोजे आणि चष्मा घालायला लावला. काही झोआंत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते, आणि तो दगड उघड्या हातांनी घासणे किंवा उकळत्या पाण्यात टाकणे म्हणजे जिवाशी खेळ. दगड टाकीच्याच पाण्याने भरलेल्या काचेच्या वाटीत ठेवला. न्युडिब्रँक नव्हती, तिची अंडीही नव्हती. झोआंच्या दोन देठांमध्ये मात्र तपकिरी-पांढऱ्या चौकड्यांची नक्षी असलेला एक चपटा शंख बसला होता: सनडायल गोगलगाय. झोआ हेच तिचे अन्न. भिंगाखाली ती नक्षी इतकी रेखीव दिसत होती की भाचा औषधाचे नावच विसरला. खरे तर इथे औषधाची गरजच नव्हती, चिमटा पुरे होता. औषधी पाण्यात बुडवून काढायचा उपाय न्युडिब्रँकवर चालतो, पण अंडी त्यातूनही वाचतात, म्हणून तो काही दिवसांनी पुन्हा करावा लागतो. शंख एकदा उचलला की काम झाले.

उचललेल्या शंखाचे पुढे काय करायचे, यावर मात्र एकमत होईना. भाचा म्हणे, वेगळ्या बरणीत पाळू. पण मग तिला रोज झोआ कुठून आणून घालायचे? एवढ्यात ताई पाणी प्यायला उठली, तिने टेबलावरची आपली लोणच्याची वाटी ओळखली आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात दिसता कामा नये असे बजावून झोपायला गेली. पॅलिटॉक्सिनबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हते, पण तिचे म्हणणे अगदी बरोबर होते.