कोथिंबीर त्याच दिवशी परत

आज दिवसभर फेरीवाल्यांच्या संघटनेतल्या ताईंसोबत बसून २०१४च्या पथविक्रेता कायद्याचं घडीपत्रक केलं. चित्रं माझी, मजकूर त्यांचा. सगळ्यात जास्त वेळ कलम १९ने खाल्ला. पालिकेने विक्रेत्याचा माल उचलला तर त्या मालाची सही केलेली यादी त्याला द्यावीच लागते. ठरलेलं शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत. मी डावीकडे कोथिंबिरीची जुडी काढली, उजवीकडे कंगवे.

ताई म्हणाल्या, "यादी मोठी काढ, सगळ्यात वर. यादीच नसेल तर बाई मागणार काय?" अगदी खरं.

कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी ज्यांच्यासाठी केला त्यांना तो कुणी समजावून सांगितलेला नाही, याचा फार राग येतो. उद्या पत्रक भाजीवाल्या मावशींना दाखवणार. त्या जिथे अडतील, तेवढा भाग पुन्हा काढायचा.