तुम्ही विचारलंत म्हणून: दर ओळीमागे फ्लश का

कोडच्या रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे की एकदाच नीट लिहून ठेवते. "प्रत्येक प्रिंटएफखाली एफफ्लश कशाला? ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश एन आहे ना?" (सी भाषेतलं प्रिंटएफ ओळ छापतं, पण ती आधी बफर नावाच्या मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात थांबते. एफफ्लश तो साठा लगेच बाहेर ढकलतं. बॅकस्लॅश एन म्हणजे ओळ संपवणारं चिन्ह.) आणि लगोलग दुसरा: "याने प्रोग्रॅम मंदावत नाही का?"

मंदावतो. ५० बाइटच्या दहा लाख ओळी ४०९६ बाइटच्या बफरमधून गेल्या तर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, साधारण १२ हजार खेपा होतात. दर ओळीला फ्लश केलं तर दहा लाख. हे गणित मला ठाऊक आहे, कारण एके काळी मीच ते इतरांना मांडून दाखवत असे. सी प्लस प्लसच्या कोडमध्ये एंडएल (नवी ओळ आणि फ्लश, दोन्ही एकत्र) दिसला की तो खोडून साधा बॅकस्लॅश एन लिहायला लावणारी मीच होते. तेव्हाची मी चूक होते असं आजही म्हणवत नाही. तिचे आकडे बरोबर होते.

बॅकस्लॅश एनचं म्हणाल तर तो भरवसा टर्मिनलपुरता, म्हणजे आउटपुट थेट पडद्यावर येतं तेव्हापुरता. पलीकडे माणूस बसलेला नाही हे ओळखता आलं की स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे प्रोग्रॅमची छापायची नेहमीची वाट, पूर्ण बफर होतं, हे सीच्या १९८९ च्या स्टँडर्डपासून लिहिलेलं आहे. म्हणजे तोच प्रोग्रॅम, त्याच ओळी, पण आउटपुट फाईलकडे किंवा पाईपकडे (दुसऱ्या प्रोग्रॅमकडे) वळवलं की ओळ संपली तरी बाहेर काही येत नाही. ही ओळ मी वाचलेली होती. पाठही होती. तरी पुढचं घडलं.

रात्री चालणारा एक जॉब होता. रेकॉर्ड वाचायचं, हिशोब करायचा, प्रत्येक रेकॉर्डमागे एक ओळ छापायची. आउटपुट फाईलमध्ये. एका रात्री तो सेगफॉल्ट होऊन, म्हणजे आपली नसलेली मेमरी वापरायला जाऊन, मेला. सकाळी लॉग उघडला तर शेवटची ओळ अर्ध्या शब्दावर तुटलेली, रेकॉर्ड १३,६४८ वर. मी त्या तुटलेल्या शब्दाकडे बघितलं आणि माझ्या मनात निकाल लागला: ओळ छापता छापताच मेला आहे, म्हणजे ओळ जुळवणाऱ्या फंक्शनमध्ये गडबड आहे. ते फंक्शन माझ्या सहकाऱ्याने लिहिलं होतं.

ते रेकॉर्ड आणि आजूबाजूची दहा-बारा वेगळी काढून टर्मिनलवर चालवली. सगळं सुरळीत. मग त्याच्या फंक्शनमध्ये जादा प्रिंट घातले आणि जॉब पुन्हा लावला. या वेळी लॉग वेगळ्याच रेकॉर्डवर तुटला. आणखी प्रिंट घातले, तर तिसऱ्याच जागी. क्रॅश जागा बदलतो आहे याचा अर्थ मी लावला की मेमरी खराब होते आहे, आणि मेमरी खराब करू शकेल असं स्ट्रिंगचं काम त्याच्याच फंक्शनमध्ये होतं. प्रत्येक नवा पुरावा त्याच्याच दाराशी जात होता. ते पुरावे मी स्वतः तयार करत होते हे मला दिसलं नाही. ओळी लांब झाल्या की बफर वेगळ्या जागी भरतो आणि लॉग वेगळ्या जागी तुटतो, एवढंच ते होतं.

बैठकीत त्याने एकच प्रश्न विचारला. "तू आउटपुट फाईलमध्ये घेत होतीस की टर्मिनलवर?" मी म्हटलं, "त्याने काय फरक पडतो?" तो पुढे बोलला नाही. त्या संध्याकाळी मी त्याच्या फंक्शनचं नाव लिहून वरिष्ठांना मेल पाठवला. मेलमध्ये "खात्रीने" हा शब्द होता.

चौथ्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, अख्खी फाईल टर्मिनलवर चालवत बसले. १३,६४८ गेलं. १३,६४९ गेलं. ओळी येत राहिल्या आणि १३,६९१ वर प्रोग्रॅम मेला. त्या रेकॉर्डमध्ये एक रकाना रिकामा होता, आणि रिकाम्या रकान्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) न तपासता वापरणारा कोड माझा होता. मग पहिल्या रात्रीच्या लॉगची साईझ बघितली: ८,१९,२०० बाइट. ४०९६ गुणिले २००, एकही बाइट कमी-जास्त नाही. मधल्या चाळीसेक ओळी छापून झाल्या होत्या, फक्त बफरमध्येच होत्या. सेगफॉल्टने मेलेल्या प्रोसेसला बफर रिकामा करायची संधी मिळत नाही. ती एक्झिटने नीट संपणाऱ्याला मिळते.

मी दुसरा मेल लिहिला, त्याची माफी मागितली. तोवर त्याला त्या प्रोजेक्टवरून हलवलं होतं. पहिला मेल किती जणांनी वाचला आणि दुसरा किती जणांनी, हे मी कधी विचारलं नाही.

तर हे कारण. आता तुमचे उपाय. "स्टँडर्ड एररवर छाप, ते पूर्ण बफर होत नाही." बरोबर, ती चुका छापायची वेगळी वाट आहे, पण निम्म्या ओळी इकडे आणि निम्म्या तिकडे गेल्या की दोन्ही एकाच फाईलमध्ये घेतल्या तरी क्रम बिघडतो, आणि कशाच्या आधी काय घडलं हेच तर मला हवं असतं. "सुरुवातीला एकदा सेटव्हीबफने लाइन बफरिंग लाव." म्हणजे दर ओळ संपली की बफर आपोआप रिकामा व्हावा. हा सल्ला चांगला आहे, नव्या प्रोग्रॅममध्ये मी तेच करते. पण ते स्ट्रीमवर (त्या आउटपुटच्या वाटेवर) बाकी काहीही करण्याआधी करावं लागतं, आणि माझा बराचसा कोड दुसऱ्याच्या मेनमधून, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमधून, बोलावला जातो. तिथे सुरुवात माझ्या हातात नसते. पायथनवाल्यांनो, तुमचा डॅश यू, म्हणजे आउटपुट बफर न करण्याचा पर्याय, मला माहीत आहे. तो द्यायची आठवण जॉब लावणाऱ्याला राहील यावर मी विसंबत नाही.

यात भीतीचा भाग किती, हे मला सांगता येत नाही. विचारपूर्वक घातलेले फ्लश आहेत, आणि नुसते हाताच्या सवयीने पडलेलेही आहेत. शिवाय फ्लशने ओळ फक्त कर्नलपर्यंत पोचते. वीज गेली तर तीही जाऊ शकते, डिस्कवर पोचल्याची खात्री हवी तर एफसिंक लागतं, आणि तो मी दर ओळीला लावत नाही. मग माझी रेघ नेमकी इथेच का? प्रोसेस मरते ते मी सोसलं आहे, वीज गेलेली सोसलेली नाही. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

परवाच्या रिव्ह्यूमध्ये तुम्ही तीन फ्लशांवर बोट ठेवलंत. आतल्या लूपमधले दोन काढले. तिथे खरंच वेळ जात होता, तुमचं मोजमाप मी पुन्हा करून पाहिलं. तिसरा, दुसऱ्याच्या लिहिलेल्या फंक्शनला बोलावण्याच्या आधीचा, तसाच ठेवला आहे. त्यावरची तुमची कमेंट मी बंद केलेली नाही.