रव्याच्या रेषा, भाग ३: बाण कुठल्या बाजूला?

तर मंडळी, इलेक्ट्रिक फील्डच्या (चार्जभोवतीच्या विद्युत क्षेत्राच्या) रेषा डोळ्यांनी बघायचं, एरंडेल तेलात रवा टाकून केलेलं सेटअप शेवटी नीट चाललं. मागच्या वेळी रवा जाडा होता म्हणून गुठळ्या होत होत्या, आता बारीक घेतला, काचेच्या बशीत जेमतेम चिमूटभर, आणि डास मारायच्या रॅकेटमधलं सर्किट चालू केल्यावर दोन तारांच्या मध्ये दाण्यांच्या माळा अशा मस्त कमानीसारख्या लागल्या की घरच्यांना बोलावून दाखवलं. (रॅकेटचा कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा भाग, बंद केल्यावरही झटका देतो, मी १ मेगाओहमचे १० रेझिस्टर सिरीजमध्ये टाकलेत, आणि हात लावायच्या आधी दोन्ही टोकं शॉर्ट करतो.)

फोटोवर फील्डची दिशा दाखवणारे बाण काढायला बसलो आणि अडलो, कारण प्लस तार कुठली हेच माहीत नाही, एवढ्या व्होल्टला आपला मल्टीमीटर लावायची सोय नाही. म्हटलं तारा उलट करून बघू. केल्या. चित्र जसंच्या तसं! मग डोक्यात प्रकाश पडला, फील्ड उलटलं की फील्डमुळे दाण्याच्या दोन टोकांवर तयार (इंड्यूस) होणारे प्लस-मायनसही उलटतात, त्यामुळे दाणा रेषेत उभा राहतो पण कुठं तोंड करून ते सांगत नाही. रेष दिसते, बाण नाही. बाण आपणच ठरवलाय, त्या जागी छोटासा प्लस चार्ज ठेवला तर त्याच्यावर बल ज्या दिशेला तोच बाण, आणि वाकड्या रेषेवर प्रत्येक ठिकाणी स्पर्शिकेची दिशा.

मग खराच प्लस ठेवला. बीनबॅगमधला थर्माकोलचा दाणा पेन्सिलीनं काळा केला, रेशमी दोऱ्याला टांगला, काचेची परीक्षानळी सिल्कच्या साडीच्या तुकड्यावर घासून (अशी काच प्लस होते) त्याला टेकवली. तेल बाजूला, त्याच दोन तारांना जोडलेल्या, हवेत ४ सेंटीमीटरवर दोन पट्ट्या. पहिल्यांदा फसलो, दाणा एका पट्टीकडे ओढला गेला आणि मी लगेच ती मायनस म्हणून लिहून टाकली, पण चार्ज नसलेला दाणासुद्धा जवळच्या पट्टीकडे ओढला जातोच. ढकलला गेला तरच पुरावा. दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायरनं नळी सुकवून परत केलं, तेव्हा उजव्या पट्टीपासून स्पष्ट लांब गेला, म्हणजे उजवी प्लस.

गंमत म्हणजे घासलेली काच प्लस हेसुद्धा अठराव्या शतकात अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं दिलेलं नाव, इलेक्ट्रॉन तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. त्यानं उलट म्हटलं असतं तर माझे सगळे बाण उलटे.

उजव्या तारेला लाल टेप लावलीये. पुढच्या वेळी एका बाजूला टाचणी आणि दुसऱ्या बाजूला पट्टी.